जुनं औषध, पेशीच्या आतला परजीवी आणि रक्तात पोचणारं प्रमाण

पुण्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. प्रकल्पासाठी तिने बाजारात मिळणारी काही औषधं कालाजारच्या परजीवीवर, म्हणजे लीशमॅनिया डोनोव्हानीवर, तपासली. त्यातल्या सर्ट्रालीनने, जे नैराश्यावर दिलं जातं, ७ मायक्रोमोलरला, म्हणजे द्रवातल्या एवढ्या तीव्रतेला, निम्मे परजीवी मारले. चाचणी प्रोमॅस्टिगोट या पोहणाऱ्या रूपावर, ४८ तासांची, एमटीटी हे जिवंत पेशीत रंग देणारं रसायन वापरून. औषध मंजूर आहे, म्हणजे सुरक्षित आहे. मग आता पुढे कसं न्यायचं? मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या ज्या पेशींत हा परजीवी राहतो त्यांत, पुन्हा तपासणं खरंच आवश्यक आहे का?

आधी उत्तर सांगते. मॅक्रोफेजमधली चाचणी टाळता येणार नाही. कालाजारच्या बाबतीत खरी चाचणी तीच. पण तिच्याही आधी कागदावर करायचा एक हिशोब राहून गेला आहे. तो आजच करा, कारण प्रकल्पाचे उरलेले महिने कुठे घालवायचे हे त्यावरून ठरेल.

सर्ट्रालीन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते किती असतं? नेहमीच्या डोसवर असलेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तद्रवात ते साधारण १० ते १५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर सापडतं. रेणुभार ३०६. वरचा आकडा धरला तरी १५० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे अर्धा मायक्रोमोलर. तुमचा आकडा ७. चौदा पटींचं अंतर इथेच पडलं. त्यात रक्तातलं जवळपास ९८ टक्के सर्ट्रालीन प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं उरतं ते दोन टक्क्यांच्या आसपास. तुमच्या माध्यमात, म्हणजे परजीवी वाढवायच्या द्रवात, १० टक्केच सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) होतं, त्यामुळे तिथे चिकटायला प्रथिनं कमी आणि मोकळं औषध जास्त. म्हणजे खरं अंतर चौदा पटींहून पुष्कळ मोठं आहे. आणि डोस चौदा पट वाढवता येत नाही, २०० मिलिग्रॅम ही रोजची नेहमीची कमाल मर्यादा आहे.

हे वाचून सर्ट्रालीनची बाटली लगेच फ्रीजमध्ये मागे सरकवू नका, कारण हिशोबाला दुसरी बाजूही आहे. सर्ट्रालीन हा सौम्य अल्कधर्मी, मेदात विरघळणारा रेणू आहे. असे रेणू पेशीच्या आम्लयुक्त कप्प्यांत शिरले की त्यांच्यावर धनभार येतो आणि त्यांना परत बाहेर पडता येत नाही. ते तिथे साठत जातात. लीशमॅनियाचं माणसातलं रूप, अमॅस्टिगोट, नेमकं अशाच कप्प्यात राहतं: मॅक्रोफेजच्या फॅगोलायसोसोममध्ये, जिथला पीएच ५ च्या आसपास असतो. म्हणजे रक्तात अर्धा मायक्रोमोलर असलेलं औषध परजीवीच्या खोलीत कितीतरी जास्त असू शकतं. पोहणाऱ्या रूपावरची चाचणी ही गोष्ट दाखवूच शकत नाही.

पण जे रेणू असे साठतात, ते मॅक्रोफेजचे स्वतःचे लायसोसोमही, म्हणजे पेशीतले पचनाचे कप्पेही, बिघडवतात. त्यांत फॉस्फोलिपिड हे मेदद्रव्य साचतं, पेशी फुगलेली, पोकळ्यांनी भरलेली दिसते आणि आतल्या जंतूची वाढ मंदावते. करोनाच्या काळात असंख्य जुन्या औषधांनी प्लेटमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत, विषाणू रोखल्याचे अहवाल आले. त्यांतल्या पुष्कळ औषधांचा परिणाम या साचण्यातूनच येत होता, औषध विषाणूच्या कुठल्या विशिष्ट प्रथिनावर काम करत नव्हतं, असं २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं. सर्ट्रालीन त्याच गटातलं आहे. म्हणून तुमच्या चाचणीत लायसोसोम बिघडवणारं पण परजीवीविरोधी म्हणून ओळखलं न जाणारं एखादं औषध कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी, म्हणून ठेवा. अमियोडॅरोन ठेवू नका, ते परजीवींवरही काम करतं. आणि सर्ट्रालीनचा आणखी एक धडा माणसांतला आहे. क्रिप्टोकॉकस या बुरशीवर, जी मॅक्रोफेजमध्येही तग धरते, सर्ट्रालीन प्रयोगशाळेत चांगलं चाललं होतं. युगांडात मेंदूज्वराच्या रुग्णांवर नेहमीच्या कमाल डोसच्या दुपटीने, म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅम देऊन, मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नाहीत.

आता याच हिशोबात मिल्टेफोसिन बसवून बघा. ते मुळात कर्करोगासाठी तयार झालं. स्तनाच्या कर्करोगाच्या त्वचेवर पसरलेल्या गाठींवर लावायचं औषध म्हणून त्याचा उपयोग झाला. २००२ मध्ये भारतात ते कालाजारचं तोंडाने घ्यायचं पहिलं औषध म्हणून मंजूर झालं. मॅक्रोफेजमधल्या अमॅस्टिगोटवर त्याचा आकडा काही फार देखणा नाही, काही मायक्रोमोलर, म्हणजे तुमच्या सर्ट्रालीनच्या घरातलाच. तरी ते चाललं. का? कारण ते शरीरातून फार हळू बाहेर पडतं. २८ दिवस रोज घेत गेलं की रक्तात साठत साठत शंभर मायक्रोमोलरच्या पुढे जातं. तेही प्रथिनांना चिकटतंच, पण जे मोकळं उरतं ते पुरतं. म्हणून प्लेटवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो रक्तात पोचणाऱ्या प्रमाणाने भागून बघायचा असतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना यादी उलटीकडून करायला सांगते. आधी कुठली औषधं मारतात ते शोधून मग रक्तातलं प्रमाण बघायचं नाही. आधी रक्तातलं प्रमाण, प्रथिनांना चिकटण्याचं प्रमाण, यकृत-प्लीहा-अस्थिमज्जा इथे पोचण्याची माहिती काढायची, आणि त्या प्रमाणाच्या दहापटीपर्यंतच डोस लावायचा. त्याच्या वर काही मेलं तरी त्याचा उपयोग नाही. मंजूर औषधांची हीच तर श्रीमंती आहे: माणसात ते किती पोचतं हे आधीच मोजून ठेवलेलं असतं, आणि ती माहिती फुकट आहे. ती न वापरता हजार औषधं चाळणं म्हणजे वेळ आणि सीरम दोन्ही वाया घालवणं.

आता रूपाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. प्रोमॅस्टिगोट हे वाळूमाशीच्या पोटातलं रूप. माणसाला त्याचा संबंध येतो तो चाव्यानंतर थोडाच वेळ. माणूस आजारी पडतो तो अमॅस्टिगोटमुळे, जे गोल, बिनशेपटीचं असतं आणि मॅक्रोफेजमध्ये वाढतं. दोघांचं अन्न वेगळं, तापमान वेगळं, आवरणातली मेदद्रव्यं वेगळी, म्हणून औषधांना प्रतिसादही वेगळा. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासातलं आहे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकात कोलकात्यात युरिया स्टिबामीन हे अँटिमनीचं संयुग कालाजारवर आणलं आणि असंख्य जीव वाचले. पुढे सोडियम स्टिबोग्लुकोनेट कित्येक दशकं मुख्य औषध राहिलं. हे औषध तुम्ही आज प्रोमॅस्टिगोटवर तपासलंत तर बहुधा 'निरुपयोगी' असा शेरा माराल. यातलं अँटिमनी पंचसंयुजी असतं. ते त्रिसंयुजी झाल्यावरच मारक ठरतं आणि हा बदल मॅक्रोफेजमध्ये आणि अमॅस्टिगोटमध्ये होतो. म्हणजे तुमच्या पद्धतीने चाळणी लावली असती तर कित्येक दशकं माणसं जगवणारं औषध पहिल्याच दिवशी बाद झालं असतं. उलट दिशेनेही तेच होतं: पोहणारं रूप झटकन मारणारी कितीतरी औषधं आतल्या रूपापर्यंत पोचतच नाहीत, कारण त्यांना मॅक्रोफेजचं आवरण, फॅगोलायसोसोमचं आवरण आणि परजीवीचं आवरण अशी तिन्ही ओलांडायची असतात.

मलेरियाच्या प्रायमाक्विनचंही असंच. यकृतातल्या एन्झाइमने त्याचं रूपांतर केल्याशिवाय ते नीट कामच करत नाही. नुसत्या तांबड्या पेशींच्या कल्चरमध्ये ते दुबळं वाटतं.

तेव्हा मॅक्रोफेजची चाचणी कशी लावायची ते जरा सविस्तर सांगते. टीएचपी-१ ही मानवी सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी, घ्या. आपल्या गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवतं, त्यामुळे पुण्यात बसून हे मिळवणं अवघड नाही. अर्ज तुमच्या मार्गदर्शकांकडून जाऊ द्या. या पेशींना पीएमए हे रसायन दिलं की त्या तळाला चिकटतात, मॅक्रोफेजसारख्या होतात आणि त्यांचं विभाजन थांबतं. विभाजन थांबणं महत्त्वाचं आहे. उंदराच्या आरएडब्ल्यू २६४.७ पेशी स्वस्त आणि सोप्या, पण त्या वाढत राहतात. ७२ तासांत पेशी दुप्पट-चौपट झाल्या की दर पेशीमागे परजीवी आपोआप कमी दिसतात, आणि श्रेय औषधाला जातं. उंदराच्या पेशींचा आणखी एक प्रश्न: त्या उत्तेजित झाल्या की भरपूर नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि परजीवी स्वतःच मारतात. तुमच्या औषधाच्या भुकटीत एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा, अंश असेल तर मारेल मॅक्रोफेज आणि नाव होईल औषधाचं.

परजीवीही ताजा हवा. कल्चरमध्ये महिनोन्‌महिने फिरवलेले प्रोमॅस्टिगोट छान पोहतात, पण पेशीत शिरून टिकण्याची त्यांची ताकद कमी होत जाते. सुरुवातीच्या पिढीच्या कुप्या द्रवनायट्रोजनमध्ये ठेवा आणि ठराविक काळाने नवीन काढा. वाढ थांबलेल्या अवस्थेतले परजीवी दर पेशीमागे दहा या हिशोबाने घाला, दुसऱ्या दिवशी बाहेर राहिलेले धुऊन काढा, आणि मग औषध.

मोजायचं काय, यावर बहुतेक प्रकल्प घसरतात. जिएम्सा रंग देऊन शंभर पेशींमागे अमॅस्टिगोट मोजणं ही जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे, पण सोबत त्या क्षेत्रातल्या मॅक्रोफेजचीही संख्या मोजा. औषधाने पेशी मारल्या की त्या तळापासून सुटून धुण्यात निघून जातात, आपल्यातले परजीवी घेऊन. उरलेल्या पेशींत परजीवी कमी दिसतात. हे यश नव्हे, विषारीपणा आहे. म्हणून तितक्याच तासांची मॅक्रोफेजवरची विषारीपणाची चाचणी त्याच औषधाच्या त्याच पातळीवर, शेजारच्या प्लेटमध्ये हवीच. निम्म्या मॅक्रोफेज मारणारं प्रमाण हे निम्मे परजीवी मारणाऱ्या प्रमाणाच्या किमान दहा पट असावं असा सर्वसाधारण संकेत आहे. स्लाइडवर औषधाचं नाव लिहू नका, सांकेतिक क्रमांक टाका आणि मोजणाऱ्याला यादी दाखवू नका. अपेक्षा डोळ्यांत उतरते, हे मी फार हुशार लोकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

एमटीटी मात्र इथे चालणार नाही. ते जिवंत पेशीतल्या एन्झाइमवर रंगतं, आणि इथे प्लेटच्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, मॅक्रोफेज आणि परजीवी दोघंही जिवंत आहेत. रंग कुणाचा ते कळणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला वेळ नसेल तर दुसरा मार्ग आहे: औषधाचे तास संपले की माध्यम काढा, अगदी सौम्य एसडीएसने (साबणासारखं रसायन) मॅक्रोफेज फोडा, लगेच प्रोमॅस्टिगोटचं माध्यम घालून प्लेट २६ अंशांवर ठेवा. जे अमॅस्टिगोट खरंच जिवंत होते ते पोहणाऱ्या रूपात येऊन वाढतील, मग रेझाझ्युरिन या रंगद्रव्याने मोजा. यात मेलेला पण अजून दिसणारा परजीवी मोजला जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

आता पुण्याच्या हवेचा एक सापळा, जो पुस्तकात ठळक लिहिलेला नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या कल्चर खोल्यांत बुरशी शिरते. भिंती ओल्या, एसीच्या जाळ्या ओल्या. मग कुणीतरी माध्यमात अँटिबायोटिक-अँटिमायकोटिक मिश्रण घालायला सांगतं. त्या मिश्रणातलं बुरशीनाशक बहुतेक वेळा अँफोटेरिसिन बी असतं, आणि नेहमीच्या प्रमाणात ते ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर भरतं, म्हणजे सुमारे ०.२७ मायक्रोमोलर. एवढं प्रमाण मॅक्रोफेजमधल्या लीशमॅनियाला मारायला पुरेसं आहे! लीशमॅनियाच्या आवरणात बुरशीसारखंच एर्गोस्टेरॉल हे मेदद्रव्य असतं, म्हणून बुरशीचं औषध त्याच्यावर चालतं. अशा माध्यमात तुम्ही जे औषध घालाल ते चांगलंच वाटेल. पावसाळ्यात केलेल्या चाचणीत औषधाविना ठेवलेल्या वेलमधलेही परजीवी कमी भरत असतील, तर आधी माध्यमाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. नुसतं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ठेवा, आणि बुरशी येते त्या खोलीत ती का येते ते शोधा. उन्हाळ्यातही जपायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातली खोली ३८-४० अंशांवर जाते, आणि साध्या इन्क्युबेटरला खोलीपेक्षा थंड होता येत नाही. प्रोमॅस्टिगोटसाठी थंड करणारं इन्क्युबेटर लागतं. कोरड्या हवेत प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी ७२ तासांत उडतं आणि तिथलं औषध तेवढंच दाट होतं. कडेच्या ओळींत फक्त पीबीएस (साधं क्षारांचं द्रावण) भरा, चाचणी आतल्या वेलमध्ये.

आणि औषध घेताना शुद्ध भुकटी घ्या. सदाशिव पेठेतल्या दुकानातून आणलेली गोळी खलबत्त्यात कुटून डीएमएसओ या द्रावकामध्ये घातली, असे प्रबंध मी तपासले आहेत. गोळीत औषधापेक्षा स्टार्च, सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त असतं. प्रमाण कधीच बरोबर येत नाही.

वेळ हा दुसरा मोठा मुद्दा, आणि इथे मला थोडं लीशमॅनियाच्या बाहेर जावं लागेल. डॉक्सिसायक्लीन आणि क्लिंडामायसिन ही जिवाणूंची औषधं मलेरियात चालतात, हे डॉक्टरांना माहीत आहे. पण प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरमच्या कल्चरमध्ये ४८ तासांची, म्हणजे एका जीवनचक्राची चाचणी लावली तर ती अगदीच मंद दिसतात. ९६ तास ठेवली की तीच औषधं कितीतरी पट प्रभावी. कारण हे परजीवी आणि टोक्सोप्लाझ्मा यांच्या पेशीत एपिकोप्लास्ट नावाचा एक भाग असतो, प्राचीन काळी गिळलेल्या शैवालाचा अवशेष. त्याचे रायबोसोम जिवाणूंसारखे असतात आणि ही औषधं त्यांवर बसतात. औषध मिळालेला परजीवी स्वतः मरत नाही. तो विभागतो, नवीन पेशींत शिरतोही. मरते ती पुढची पिढी, जिला चालू एपिकोप्लास्ट मिळालेला नसतो. चाचणीचे तास परजीवीच्या जीवनचक्रावरून ठरवायचे असतात. शुक्रवारी प्लेट काढता यावी म्हणून ४८ तास ठरवायचे नाहीत.

याच्या उलट फसगत शागास या लॅटिन अमेरिकेतल्या परजीवीजन्य रोगाच्या बाबतीत झाली, आणि ती खूप महागात पडली. पोसाकोनाझोल हे बुरशीचं औषध त्याच्या परजीवीला, ट्रिपॅनोसोमा क्रुझीला, पेशींत मारायचं, उंदरांत बरं करायचं, अगदी कमी प्रमाणात. रुग्णांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निष्कर्ष आले. उपचार चालू असताना रक्तातून परजीवी नाहीसे झाले. औषध थांबवल्यावर पुढच्या महिन्यांत दहापैकी आठांहून अधिक रुग्णांत ते परत सापडले. जुनं, त्रासदायक बेंझनिडाझोलच सरस ठरलं. पुढे दिसलं की या परजीवीचे काही अमॅस्टिगोट पेशीत विभाजन थांबवून पडून राहतात, आणि जो वाढतच नाही त्याच्यावर वाढ रोखणारं औषध काय करणार? तेव्हापासून पेशीतल्या परजीवीवरच्या कुठल्याही चाचणीत औषध धुऊन काढून, औषधाविना आणखी काही दिवस प्लेट सांभाळून, परजीवी परत येतो का हे बघणं मी सक्तीचं मानते. तुमच्या प्रकल्पातही ते करा. या एका पायरीने अर्धी नावं गळतील.

पेशी कुठली हा प्रश्नही तितकाच निर्णायक असतो. क्लोरोक्विनने करोनाचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींत रोखला, मानवी फुप्फुसाच्या पेशींत नाही, कारण विषाणू तिथे वेगळ्या वाटेने शिरतो. ती बातमी येईपर्यंत जगभर ते औषध वाटून झालं होतं. आयव्हरमेक्टिनचंही तसंच: प्लेटमध्ये ५ मायक्रोमोलर, आणि नेहमीच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तात पोचणारं प्रमाण त्याच्या सुमारे शंभराव्या भागाइतकं. वर सांगितलेला दोन ओळींचा हिशोब त्या वेळी सगळ्यांनी केला असता तर घराघरांत त्या गोळ्यांच्या पट्ट्या साठवल्या गेल्या नसत्या. म्हणूनच मला तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी हा हिशोब हाडीमाशी खिळवून घ्यावा असं वाटतं.

क्लोफाझिमिनची गोष्ट आणखी वेगळी. कुष्ठरोगाचं हे औषध क्रिप्टोस्पोरिडियमवर, आतड्याच्या पेशींत राहून जुलाब करणाऱ्या परजीवीवर, चाळणीत पुढे आलं. पेशींत चाललं, उंदरांत चाललं. मलावीत एचआयव्हीबाधित रुग्णांवर तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही. ज्यांना सतत जुलाब होतात त्यांच्या शरीरात तोंडाने दिलेलं औषध पुरेसं शोषलं जात नाही. निरोगी माणसातलं रक्तप्रमाण घेऊन केलेला हिशोब आजारी माणसाला लागू पडेलच असं नाही.

पेशीच्या आत राहणं ही परजीवीची ढाल आहे तशीच त्याची कमजोरीही होऊ शकते, हे मात्र विसरू नका. पुण्याने २०२१ च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिससाठी अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांची धावपळ पाहिली आहे. तेच औषध लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलं की यकृत आणि प्लीहेतले मॅक्रोफेज ते स्वतः गिळतात. कालाजारचा परजीवी तिथेच बसलेला असतो! औषध थेट त्याच्या दारात. म्हणूनच शरीराच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो, हे बिहारमधल्या अभ्यासात २०१० मध्ये सिद्ध झालं आणि देशाच्या कालाजार निर्मूलनाच्या मोहिमेने तो डोस स्वीकारला. रेणू १९५० च्या दशकातला. बदललं ते पोचवण्याचं साधन. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी रसायनाची, औषध वाहून नेणाऱ्या पदार्थांची जाण असलेली माणसं तुमच्या महाविद्यालयापासून काही किलोमीटरवर आहेत. नवीन नाव शोधण्याइतकंच, जुनं नाव मॅक्रोफेजपर्यंत नेण्याचं काम मोलाचं आहे, आणि मला विचाराल तर अधिक.

"मंजूर आहे म्हणजे सुरक्षित आहे" या तुमच्या वाक्याशी मी सहमत नाही. औषध सुरक्षित ठरतं ते एका आजारासाठी, एका डोसला, ठराविक दिवसांसाठी आणि ठराविक रुग्णांत. मिल्टेफोसिन गर्भाला घातक आहे. कर्करोगाच्या प्रौढ रुग्णांत हा प्रश्न क्वचित पुढे यायचा. बिहारच्या खेड्यात तरुण स्त्रीला ते द्यायचं तर गर्भ नाही याची खात्री आणि उपचारानंतरही काही महिने गर्भनिरोधन लागतं, कारण औषध शरीरात रेंगाळतं. कायदाही हेच मानतो: २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार जुन्या औषधाला नवीन आजारासाठी वापरायचं म्हटलं की ते पुन्हा 'नवीन औषध' ठरतं. पेटंटचं म्हणाल तर भारतीय कायद्याच्या कलम ३(डी) मुळे ज्ञात पदार्थाच्या नुसत्या नव्या उपयोगाला पेटंट मिळत नाही, त्यामुळे कंपन्यांना रस कमी. पॅरोमोमायसिन हे जुनं प्रतिजैविक कालाजारसाठी २००६ मध्ये भारतात मंजूर झालं ते एका ना-नफा संस्थेने बिहारमध्ये चाचण्या केल्या म्हणून.

तर तुमच्या हातात आत्ता काय आहे? तुम्हाला हवं असेल तर सर्ट्रालीन ठेवा, पण ०.०५ पासून ५ मायक्रोमोलरपर्यंत, मॅक्रोफेजमध्ये, ७२ तास, धुऊन पुन्हा पाच दिवस. सोबत कंट्रोल म्हणून अँफोटेरिसिन आणि मिल्टेफोसिन. त्यांचे आकडे इतरांच्या प्रसिद्ध आकड्यांच्या जवळ येत नाहीत तोवर सर्ट्रालीनच्या आकड्याकडे बघू नका. सर्ट्रालीन एकट्याने पुरं पडलं नाही तरी मिल्टेफोसिनसोबत कमी प्रमाणात जोडून बघण्यासारखं आहे. जुनी औषधं बहुतेकदा जोडीदार म्हणूनच उपयोगी पडतात, आणि जोडीने दिल्यास परजीवीला प्रतिकार विकसित करायलाही वेळ लागतो. जोडीच्या चाचणीत दोन्ही औषधांची प्रमाणं आडवी-उभी बदलत जा आणि विषारीपणाची प्लेटही जोडीचीच लावा.

प्रबंधात जे तक्ते द्याल त्यांत प्रत्येक औषधापुढे हे रकाने असू द्या: प्रोमॅस्टिगोटवरचा आकडा, मॅक्रोफेजमधल्या अमॅस्टिगोटवरचा आकडा, मॅक्रोफेजवरचा विषारी आकडा, धुतल्यानंतर परजीवी परतला की नाही, माणसाच्या रक्तातलं कमाल प्रमाण, त्यातलं मोकळं किती. ज्या औषधांनी काहीच केलं नाही तीही वगळू नका, कुठल्या प्रमाणापर्यंत तपासली ते लिहा. तुमच्यानंतर याच विभागात हा विषय घेणाऱ्याला त्या ओळींवरून कुठून सुरू करायचं ते कळेल.